प्रोपेनवर चालणारे इंजिन: किटच्या आधी हेडचे काम

मुंबईत गाडी एलपीजीवर, म्हणजे प्रोपेन-ब्यूटेनच्या गॅसवर, करून घेणे म्हणजे डिकीत टाकी, बॉनेटखाली रिड्यूसर (द्रव गॅसचा वायू करणारा भाग) आणि डॅशबोर्डवर एक स्विच, एवढीच बहुतेकांची समजूत असते. सकाळी गाडी गॅरेजमध्ये सोडायची आणि संध्याकाळी ती गॅसवर चालवत घरी न्यायची, असा हा व्यवहार असतो. परंतु किट फक्त इंधन पोचवते. ते इंधन नीट जाळण्याचे काम हेड (सिलिंडरवरचे झाकण), व्हॉल्व्ह, पिस्टन आणि इग्निशनचे आहे, आणि पेट्रोलसाठी घडवलेले हे भाग आहेत तसे ठेवले, तर गाडी धावते खरी, पण पिकअप मंदावतो, काही महिन्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि दोष मात्र गॅसच्या माथी मारला जातो. म्हणून ज्यांचे इंजिन तसेही ओव्हरहॉलला आले आहे त्यांनी, हेड उघडलेले असतानाच, ते गॅससाठी कसे बांधून घ्यावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

उदाहरणासाठी मारुती ८०० आणि ओम्नीमधले ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घेतले आहे. कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत बहुतेक मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला आहे, त्याचे सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या बाजारात नवे आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात, आणि त्याचा हिशेब कागदावर मांडायला सोपा आहे. मारुतीने स्वतः ओम्नी आणि पुढे २००६ मध्ये वॅगन आर ड्युओ एलपीजीवर विकली होती, तेव्हा लहान इंजिन या इंधनावर नीट चालते की नाही, हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. आपले इंजिन दुसरे असेल, तर रीत हीच ठेवून आकडे आपल्या मोजमापाने बदलावेत.

पंपावर नेमके काय मिळते

शुद्ध प्रोपेन हे इंजिनासाठी उत्तम इंधन आहे. त्याचा मोटर ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) टाळण्याची क्षमता, ९७ च्या आसपास असतो, ते उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळते आणि म्हणून कोणत्याही हवामानात सहज वायुरूप होते. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत अकरा-साडेअकराचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) ठेवून बांधलेली जी इंजिने दिसतात, ती या शुद्ध प्रोपेनच्या भरवशावर बांधलेली असतात. आपल्या पंपावर मात्र ऑटो एलपीजी मिळते, आणि ते प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या जरासा खाली आहे आणि त्याचा मोटर ऑक्टेन प्रोपेनपेक्षा बराच कमी, म्हणजे ९० च्या आसपास आहे. भारतीय मानक आयएस १४८६१ ऑटो एलपीजीसाठी मोटर ऑक्टेन किमान ८८ असण्याची अट घालते. इंजिन बांधताना धरायचा आकडा हा ८८ आहे, ९७ नव्हे. पंपावर एखाद्या वेळी प्रोपेनचे प्रमाण जास्त असलेला माल मिळाला तर चांगलेच, पण त्या आशेवर पिस्टन निवडू नयेत.

ब्यूटेनच्या बाबतीत मुंबईकरांची एक सोय आहे. थंड प्रदेशात ब्यूटेन टाकीतच द्रवरूप राहून दाब पडतो. येथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा इतका खाली जात नाही की टाकीतला दाब ही चिंतेची बाब व्हावी. आपली अडचण उलटी आहे. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतला द्रव प्रसरण पावतो, आणि त्याबद्दल पुढे टाकीच्या भागात लिहिले आहे.

इंधनाचा खर्च आधीच समजून घ्यावा. लिटरमागे एलपीजीत पेट्रोलच्या सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा असते, त्यामुळे लिटरमागे किलोमीटर त्याच प्रमाणात कमी होणारच, आणि त्याला मिस्त्री जबाबदार नाही. एलपीजीचा लिटरचा दर पेट्रोलच्या दराच्या तीन चतुर्थांशापेक्षा जितका खाली, तितकीच बचत. शहरात सीएनजी सर्वत्र मिळतो, हे खरे असले तरी त्याची टाकी सुमारे २०० बार दाबाची, जड आणि डिकी व्यापणारी असते. एलपीजीच्या टाकीत त्याच्या एक दशांशाहूनही कमी दाब असतो आणि ती स्टेपनीच्या जागेत मावते. ज्यांच्या रोजच्या रस्त्यावर एलपीजीचा पंप आहे, त्यांनीच या वाटेला जावे, असे माझे मत आहे.

कागदपत्रे आधी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही, आणि इंधन हा त्यातलाच तपशील आहे. त्यामुळे किट मान्यताप्राप्त असले पाहिजे, ते अधिकृत केंद्रात बसवलेले असले पाहिजे, टाकीला प्रमाणपत्र असले पाहिजे आणि ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, ज्या आरटीओकडे गाडीची नोंद असेल तेथे इंधनाचा बदल नोंदवला गेला पाहिजे. किटची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मिळते आणि ती इंजिनाच्या ठरावीक क्षमतेपुरती असते, म्हणून किट विकत घेण्यापूर्वी ती आपल्या इंजिनाला लागू आहे का, हे कागद पाहून ठरवावे. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नाही. गाडीला १५ वर्षे झाली असतील, तर आधी नोंदणीचे नूतनीकरण करावे. विमा कंपनीला बदल कळवणे अनेक जण विसरतात आणि दाव्याच्या वेळी पस्तावतात. इंजिनाची क्षमता आणि क्रमांक आपण बदलत नाही. तरीही आत काय काम करणार आहोत, हे किट बसवणाऱ्या केंद्राला आधी सांगावे, कारण प्रदूषणाच्या चाचणीला गाडी शेवटी त्यांच्याच जुळवणीवर उभी राहणार असते.

घरगुती लाल सिलिंडर गाडीला जोडणे किंवा त्यातून गाडीच्या टाकीत गॅस उतरवणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो जीवघेणा प्रकार आहे. त्या सिलिंडरला ८० टक्क्यांवर भरणे थांबवणारा व्हॉल्व्ह नसतो, पाइप तुटल्यास प्रवाह रोखणारी सोय नसते, आणि तो उभा ठेवून वरचा वायू वापरण्यासाठी बनवलेला असतो, तर गाडीच्या टाकीतून द्रव घेतला जातो. ज्या गॅरेजमध्ये असा सिलिंडर कोपऱ्यात दिसेल, तेथे गाडी देऊ नये.

हेड

इंजिन उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन टेस्ट करावी: आधी कोरडी, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून. ऑइल टाकल्यावर आकडा वर आला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत. आला नाही तर व्हॉल्व्हमधून गळती आहे. गॅस हे इंधन कमजोर इंजिनाला सांभाळून घेत नाही, म्हणून बोअर टेपर (खाली-वर कमीजास्त रुंद) किंवा ओव्हल (लंबगोल) झाला असेल, तर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावेत. रिंगा बदलून वेळ मारून नेऊ नये.

खरा जीव व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्यात, आहे. पेट्रोलमध्ये पूर्वी शिसे असे आणि ज्वलनानंतर त्याचा पातळ थर सीटवर बसून व्हॉल्व्ह व सीट यांच्यातला थेट घासा टाळत असे. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि उत्पादकांनी सीट कठीण केल्या. गॅस त्यापुढे जातो: तो सिलिंडरमध्ये पूर्ण कोरडा येतो, त्याच्याबरोबर द्रवाचे थेंब नसतात, आणि मिश्रण थोडे जरी पातळ झाले तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे तापमान वाढते. परिणाम असा की सीट हळूहळू खात जाते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. टॅपेट स्क्रूने जुळवायचे असतात अशा इंजिनात व्हॉल्व्ह वर सरकला की टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) कमी होत जातो, इंजिन आधीपेक्षा शांत वाटते, आणि मालक समाधानी होतो. शेवटी गॅप शून्यावर येतो, व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि एका बाजूने जळतो. गॅसवरच्या गाडीत टॅपेटचा आवाज आपोआप बंद होणे ही चांगली खूण नव्हे.

म्हणून एक्झॉस्टच्या सीट काढून नव्या कठीण इन्सर्ट (हेडमध्ये वेगळी बसवायची कडी) घालाव्यात. गॅस किंवा सीएनजीसाठीच्या इन्सर्ट मागाव्यात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घेताना ज्याच्या फेसवर स्टेलाइटचा (उष्णतेत टिकणाऱ्या कठीण मिश्रधातूचा) थर आहे असा घ्यावा. इनटेकचा मूळ कंपनीचा व्हॉल्व्ह चालतो. हेड अॅल्युमिनियमचे असल्याने इन्सर्ट बसवताना हेड तापवून आणि इन्सर्ट थंड करून बसवणारा मशिन शॉपच निवडावा, हातोड्याने ठोकणारा नव्हे. तिरकी बसलेली इन्सर्ट पुढे सैल होऊन निघते आणि पिस्टनचा चुरा करते. एक्झॉस्ट सीटची रुंदी दीड ते दोन मिलिमीटर ठेवावी. अरुंद सीट गळती चांगली रोखते हे शर्यतीच्या इंजिनात ठीक आहे, पण येथे व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच पाण्यापर्यंत जायची असते आणि तिला रुंदी लागते. इनटेकला एक ते दीड मिलिमीटर पुरते. गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या) झिजलेले असतील तर ते सीट कापण्याच्या आधी बदलावेत, कारण सीट कापणारे हत्यार गाईडच्याच आधाराने फिरते. हा क्रम उलटा केलेली हेड पुन्हा करावी लागतात. काम झाल्यावर हेड उलटे ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरावे आणि पोर्टमध्ये थेंब उतरतो का, ते काही मिनिटे पाहावे. थेंब उतरला तर लॅपिंग (व्हॉल्व्ह व सीट एकमेकांवर घासून जुळवणे) अपुरे आहे.

कॉम्प्रेशनचा हिशेब

गॅसवर ताकद का घटते, हे आधी पाहू. प्रोपेनच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात, आणि हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, म्हणजे एक भाग प्रोपेनला २४ भाग हवा हवी. पेट्रोल थेंबांच्या रूपात येत असल्याने नगण्य जागा घेते. वायुरूप प्रोपेन मात्र पंचविसातला एक भाग, म्हणजे चार टक्के जागा अडवते, आणि तेवढी हवा सिलिंडरमध्ये कमी येते. त्यातच पेट्रोलचे थेंब बाष्प होताना हवा जी थंड करतात तो थंडावाही जातो, आणि मिक्सर (हवेच्या वाटेत गॅस मिसळणारा भाग) असेल तर त्याच्या अरुंद गळ्यामुळे आणखी थोडे नुकसान होते. सगळे मिळून पाच ते दहा टक्के. यातला मोठा भाग कॉम्प्रेशन वाढवून परत मिळवता येतो, आणि गॅसचा ऑक्टेन त्याला परवानगी देतो. हेच काम बहुतेक ठिकाणी केले जात नाही.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन तळाशी असतानाचे सिलिंडरचे एकूण आकारमान भागिले पिस्टन माथ्याला असताना उरलेले आकारमान. आपल्या उदाहरणात बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी आहे, त्यामुळे एका सिलिंडरचे आकारमान २६५.३ सीसी येते. मूळ रेशो ८.७ धरला, तर माथ्यावर उरणारे आकारमान ३४.५ सीसी. दहाचा रेशो हवा असेल तर ते २९.५ सीसीवर आणावे लागेल, म्हणजे पाच सीसी कमी करावे लागतील.

"हेडला फेसिंग मारले की कॉम्प्रेशन वाढते", म्हणजे हेडचा तळ घासून धातू काढला की झाले, असे सर्रास सांगितले जाते, पण किती वाढते ते कुणी मोजत नाही. चेंबरच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर धरले, तर अर्धा मिलिमीटर फेसिंगने दीड सीसी कमी होतात आणि रेशो जेमतेम नऊवर येतो. नुसत्या फेसिंगने दहा गाठायचे तर दीड मिलिमीटरहून अधिक धातू काढावा लागेल, आणि तेवढ्यात हेड कमकुवत होऊन गॅस्केट उडण्याची वेळ येईल. म्हणून काम तीन ठिकाणी वाटून घ्यावे: हेडला अर्धा मिलिमीटर, ब्लॉकच्या माथ्याला ०.३ मिलिमीटर, आणि गॅस्केट दाबल्यानंतरची जाडी ०.३ मिलिमीटरने कमी असलेले. बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ३७ चौरस सेंटिमीटर असल्याने शेवटची दोन कामे प्रत्येकी १.१ सीसी देतात. एकूण ३.७ सीसी कमी होऊन ३०.८ सीसी उरतात आणि रेशो ९.६ होतो. तात्त्विक गणिताने यातून कार्यक्षमता तीन टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे गॅसने अडवलेल्या जागेची बरीचशी भरपाई येथेच होते.

मी ९.६ वर थांबतो, आणि त्याचे कारण ऑक्टेनइतकेच मुंबईतल्या पंपांचे आहे. एलपीजीचे पंप थोडे आणि दूरदूर असल्याने गाडी पेट्रोलवरही निर्धोक चालली पाहिजे, शिवाय थंड इंजिन पेट्रोलवरच सुरू करायचे असते. ९.६ चे इंजिन साध्या पेट्रोलवर नॉकिंगशिवाय चालवता येते. अकराचे बांधले तर पेट्रोलवर घाट चढताना ते पिस्टन फोडील.

हे आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्ष हेडचे चेंबर मोजल्याशिवाय मशिनवर चढवू नये. चेंबरवर ग्रीस लावून छिद्र असलेली अॅक्रिलिकची पट्टी बसवावी आणि ब्युरेटमधून रॉकेल सोडून आकारमान वाचावे. तिन्ही चेंबरमध्ये अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल, तर मोठ्या चेंबरला आधार मानून लहान चेंबर घासून जुळवावेत, नाहीतर एक सिलिंडर नॉक करील आणि बाकीचे दोन थंड राहतील.

हेड, ब्लॉक आणि गॅस्केट मिळून क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्यातले अंतर आता १.१ मिलिमीटरने घटले आहे. याचे दोन परिणाम तपासावे लागतात. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले आहेत, म्हणून पिस्टनवर मऊ मातीचा थर ठेवून, हेड कसून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि मातीची उरलेली जाडी मोजावी. इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पुढे जाऊ नये. दुसरे, टायमिंग बेल्टची ताणलेली बाजू आखूड झाल्याने कॅमचे टायमिंग किंचित मागे पडते. खूण जुळली तरी प्रत्यक्षात एखादा अंश सरकलेला असतो, आणि शक्य असेल तर ऑफसेट चावीने (कॅमचे चाक किंचित फिरवून बसवणाऱ्या खिळीने) तो परत आणावा. पिस्टनच्या कडेचे आणि हेडचे अंतरही मऊ सोल्डर तार दाबून पाहावे; ०.८ मिलिमीटरच्या खाली नको.

ठिणगी

वायुरूप मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, आणि वाढवलेल्या कॉम्प्रेशनने ती मागणी आणखी वाढते. कॉइल, प्लगच्या केबल आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण जुने असेल तर पेट्रोलवर न जाणवलेले मिसिंग (ठिणगी चुकणे) गॅसवर लगेच दिसते. केबल आणि झाकण नवे घ्यावे. प्लग एक पायरी थंड घ्यावेत आणि गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. मिक्सरच्या किटमध्ये एक मिसिंग म्हणजे न जळलेला गॅस इनटेकमध्ये साठणे, आणि पुढच्या ठिणगीला बॅकफायर (इनटेकमध्येच भडका) होऊन एअर फिल्टरचा डबा फुटणे. म्हणून इग्निशन ही येथे सुरक्षेची बाब आहे.

अॅडव्हान्सच्या, म्हणजे ठिणगी किती अंश आधी द्यायची याच्या, बाबतीत मंद गतीला गॅस पेट्रोलपेक्षा दोन-चार अंश जास्त मागतो, तर पूर्ण लोडवर कॉम्प्रेशन वाढलेले असल्याने सावध राहावे लागते. डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनात मूळ खुणेच्या दोन अंश पुढून सुरुवात करून, चढावर कान देऊन, एकेक अंश पुढे जावे. नॉकिंग ऐकू आले की दोन अंश मागे यावे, एक नव्हे.

रिड्यूसर आणि पाणी

टाकीतून द्रव येतो आणि रिड्यूसरमध्ये त्याचा वायू होतो. ही उष्णता इंजिनाच्या पाण्यातून येते. पूर्ण ताकदीला, म्हणजे सुमारे २७ किलोवॅटला, हे इंजिन तासाला सात-आठ किलो गॅस घेईल, आणि तेवढा द्रव वायुरूप करून कोमट करायला साधारण एक किलोवॅट उष्णता लागते. घरातली इस्त्री जेवढी वीज ओढते तेवढी. ती मिळाली नाही तर रिड्यूसरवर दव गोठते, आतला डायफ्राम कडक होतो आणि द्रव गॅस थेट इंजिनात जाऊ लागतो. दमट मुंबईत बाहेरून बर्फ जमलेला रिड्यूसर दिसला, तर गॅसचे काही बिघडलेले नाही, पाणी फिरत नाही असे समजावे.

यासाठी रिड्यूसर रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीच्या खाली बसवावा, त्याचे पाइप हीटरच्या पाइपांना समांतर जोडावेत, आणि थर्मोस्टॅट शाबूत असावा. "मुंबईत थर्मोस्टॅटची गरज नाही" म्हणून तो काढून टाकण्याची येथे जुनी खोड आहे. त्याने इंजिन थंड चालते, बोअर झिजतो, आणि गॅसवर रिड्यूसर उपाशी राहतो. बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातल्या क्षारांनी रिड्यूसरचे बारीक मार्ग बंद होतात. पाणी ४० अंशांच्या आसपास येईपर्यंत पेट्रोलवर आणि नंतर गॅसवर, असा क्रम ठेवावा.

कार्ब्युरेटरच्या इंजिनाला मिक्सरचे आणि इंजेक्शनच्या इंजिनाला क्रमाने सोडणाऱ्या गॅस इंजेक्टरांचे किट बसवावे. इंजेक्टरांच्या किटमध्ये इनटेकमध्ये गॅस साठत नसल्याने बॅकफायर जवळपास संपतो, म्हणून पर्याय असेल तर तेच घ्यावे. नळ्या इंजेक्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत आखूड आणि तिन्ही सारख्या लांबीच्या हव्यात.

टाकी आणि पाइप

हे काम अधिकृत केंद्राचेच. मालकाने करायची ती पाहणी. टाकी आयएस १४८९९ ची, तिच्यावरचा मल्टिव्हॉल्व्ह ८० टक्क्यांवर भरणे बंद करणारा. उरलेली २० टक्के जागा वाया गेलेली नसते. द्रव एलपीजी दर अंशाला सुमारे पाव टक्का प्रसरण पावते, आणि पहाटे भरलेली टाकी दुपारी मरीन ड्राइव्हवर उन्हात उभी राहिली की ही जागाच तिला सामावून घेते. व्हॉल्व्ह हवाबंद डब्यात आणि त्या डब्याची नळी गाडीच्या तळातून बाहेर, तोंड खाली करून निघालेली असली पाहिजे. तांब्याचा पाइप पीव्हीसीच्या आवरणाचा, सायलेन्सरपासून दूर, थोड्या थोड्या अंतरावर क्लिपने धरलेला आणि मध्ये जोड नसलेला असावा. टाकीचा ब्रॅकेट पत्र्याला नुसता बोल्टने न कसता खाली मोठी पट्टी देऊन कसलेला असावा.

गळती साबणाच्या पाण्याने तपासावी. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असते आणि हवेत दोन टक्क्यांपासून पेट घेते, म्हणून सुटलेला गॅस वर न जाता जमिनीलगत वाहतो आणि खोलगट जागेत साचतो. गाड्यांखाली काम करण्यासाठी गॅरेजमध्ये जो खड्डा असतो, त्याच्यावर गॅसची गाडी उभी करून जोड उघडणे हा मला माहीत असलेला सर्वांत धोकादायक प्रकार आहे. हे काम उघड्या जागेत, बॅटरीची तार काढून आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करूनच व्हावे. तळघरातल्या पार्किंगमध्ये वास आला तर गाडी सुरू करू नये, दिव्याचे बटणही दाबू नये. माणसांना बाहेर काढावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.

पहिली सुरुवात आणि जुळवणी

नव्या रिंगा बसेपर्यंत इंजिन पेट्रोलवर हलक्या लोडवर चालवावे आणि हेडचे बोल्ट व टॅपेट पुन्हा तपासूनच गॅस सुरू करावा. प्रोपेनला एक भाग इंधनामागे वजनाने १५.६ भाग हवा लागते, पेट्रोलला १४.७, त्यामुळे पेट्रोलच्या आकड्यांचा मीटर गॅसवर फसवतो. लॅम्बडाचा आकडा (प्रत्यक्ष हवा भागिले लागणारी हवा) वाचावा आणि तो एकच्या जवळ ठेवावा. अॅव्हरेज वाढवण्यासाठी मिश्रण पातळ करून देणारे मिस्त्री भेटतील. त्यांना नकार द्यावा, कारण पातळ मिश्रणाने वाचलेला गॅस एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या किमतीत वसूल होतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचे आणि गॅसचे दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (संगणकाने इंधनात केलेली दुरुस्ती) पाच टक्क्यांच्या आत जुळले पाहिजेत, आणि ही जुळवणी उभ्या गाडीवर संपत नाही. सायन-पनवेल रस्त्यावरच्या रांगेत तापलेल्या इंजिनाचा आयडल, केम्प्स कॉर्नरकडून मलबार हिलचा चढ, आणि शेवटी चार माणसे बसवून खंडाळ्याचा बोरघाट, या तिन्ही ठिकाणी आकडे वाचून मगच पडदा टाकावा. बोरघाटात पाण्याचे तापमान पेट्रोलपेक्षा फार चढले, तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग मागे आहे.

नंतरची देखभाल

गॅसवर ऑइल काळे पडत नाही. त्यामुळे ते खूप दिवस चालेल असे वाटते, पण ज्वलनातून येणाऱ्या नायट्रोजनच्या संयुगांनी ते रंग न बदलताही घट्ट होते, म्हणून मूळ मुदत पाळावी. टॅपेटचा गॅप पहिल्या दहा हजार किलोमीटरमध्ये दोनदा तपासावा आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. एक्झॉस्टचा गॅप प्रत्येक वेळी घटत असेल तर कोणती सीट खाते आहे, हे त्यावरूनच कळते. आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर चालवावे, नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात आणि कार्ब्युरेटरचे सील सुकतात.

पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर टाकीच्या डब्यात पाणी शिरले का, नळीचे तोंड चिखलाने बुजले का आणि गॅसच्या कंट्रोल युनिटचे कनेक्टर कोरडे आहेत का, हे दुसऱ्याच दिवशी पाहावे. समुद्राच्या हवेने टाकीचा ब्रॅकेट आणि त्याचे बोल्ट आधी गंजतात. दर पावसाळ्यानंतर ते घासून रंगवावेत. गॅसचा फिल्टर ठरलेल्या अंतरावर बदलावा, आणि रिड्यूसरच्या तळाच्या बूचातून तेलकट गाळ इंजिन कोमट असताना काढावा. टाकीची दाबचाचणी दर पाच वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे. चाचणीची तारीख टाकीच्या पट्टीवर ठोकलेली असते आणि जुनी गाडी विकत घेताना नोंदणी प्रमाणपत्राबरोबर तीही वाचून घ्यावी.